तडीस नेणारा हात

चेन्नईस जाणारा मराठी माणूस, मग तो नोकरीच्या निमित्ताने गेलेला असो, आप्तांच्या नेत्रशस्त्रक्रियेसाठी गेलेला असो, वा रामेश्वराच्या वाटेवर दोन रात्रींपुरता उतरलेला असो, सवड काढून एकदा तंबू चेट्टी रस्त्यावरच्या कालिकांबाळ मंदिरात जातो, कारण इ. स. १६७७ च्या ऑक्टोबर महिन्यात, दक्षिणदिग्विजयाच्या स्वारीत असताना, शिवछत्रपतींनी या देवीचे दर्शन घेतले अशी परंपरा तेथे श्रद्धेने जपलेली आहे. मीही गेलो. देवीपुढे हात जोडून बाहेर आलो, आणि रिक्षा न धरता जवळच्या समांतर रस्त्याकडे वळलो. त्या रस्त्याचे नाव अर्मेनियन स्ट्रीट. येथे आर्मेनियन व्यापाऱ्यांचे १७७२ सालचे ख्रिस्ती देऊळ अजून उभे आहे; त्यांच्या वंशजांचा मागमूस शहरात जवळपास उरलेला नसला तरी घंटाघर आहे, फरशीतल्या थडग्यांवरचे लेख आहेत. रस्ता अरुंद, हातगाड्यांनी आणि उच्च न्यायालयाकडे लगबगीने निघालेल्या वकिलांच्या काळ्या डगल्यांनी भरलेला. या गर्दीत मान वर करण्याची फुरसत सहसा कोणास नसते. परंतु जो मान वर करील त्यास एक अशी इमारत दिसेल, की जिचे शरीर विसाव्या शतकाचे, सिमेंटचे, सरळ रेषांचे आहे, आणि जिच्या मस्तकी मात्र राजपुतान्यातल्या एखाद्या वाड्यावर शोभावी अशी छत्री आहे.

ही ओरिएंटल विमा कंपनीची इमारत. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यास ती बांधली गेली, आणि तिची रचना करणाऱ्या वास्तुविशारदाचे नाव लक्ष्मण महादेव चितळे.

चितळ्यांचे नाव महाराष्ट्रात फारसे कोणी घेत नाही, याचे मला मनापासून दुःख आहे. आपण तंजावरच्या सरस्वती महालाचा अभिमान बाळगतो आणि सर टी. माधवरावांच्या दिवाणगिरीचे दाखले देतो, ते योग्यच आहे; पण दक्षिणेतल्या ज्या मराठी मंडळींची आठवण आपण काढतो ती बहुतेक राजसत्तेच्या वा कारभाराच्या वाटेने तिकडे गेलेली आहेत. व्यंकोजीराजांबरोबर लष्करी आणि मुत्सद्दी गेले, त्यांच्यामागून शास्त्री, हरदास आणि कारकून गेले. त्यांच्या वंशजांची मराठी तमिळच्या शेजारात वेगळे वळण घेऊन पिढ्यानपिढ्या जगली. चितळे या परंपरेतले नव्हेत. कोणत्याही दरबाराची सनद वा सरकारी हुद्दा हाती नसताना, केवळ आपल्या विद्येच्या आणि नकाशाच्या बळावर, १९३२ साली त्यांनी मद्रासेत स्वतःची पेढी उघडली. त्या शहरात स्वतंत्र व्यवसाय थाटणाऱ्या पहिल्या भारतीय वास्तुविशारदांपैकी ते एक होते. वर्षही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जागतिक मंदीने व्यापार गारठलेला, सविनय कायदेभंगाची चळवळ चिरडण्यासाठी वटहुकमांचा अंमल चालू, आणि अशा समयी हा गृहस्थ परप्रांतात जाऊन, लोकांनी आपली घरे आणि कचेऱ्या आपल्याकडून आखून घ्याव्यात या भरवशावर दारावर पाटी लावतो.

त्या पाटीचे धारिष्ट समजण्यासाठी मद्रासेत तोवर इमारती कशा उभ्या राहत हे पाहिले पाहिजे. सरकारी बांधकाम सार्वजनिक बांधकाम खात्याकडे असे, आणि त्याच्या शिरोभागी इंग्रज सल्लागार वास्तुविशारद असे. रॉबर्ट चिझम यांनी सिनेट हाऊस बांधले, हेन्री आयर्विन यांनी उच्च न्यायालय पुरे केले. घुमट, कमानी, मिनार आणि तांबड्या विटांचा जो राजेशाही थाट आज चेन्नईचे भूषण मानला जातो तो या मंडळींनी दिलेला. हिंदी माणसाचा वाटा मक्तेदारीत होता. टी. नंपेरुमाळ चेट्टी यांच्यासारखे कर्तृत्ववान मक्तेदार त्या इमारती प्रत्यक्ष उभ्या करीत, आणि त्यांचे कसब एवढे की अमुक एक कमान इतक्या तंतोतंत कशी वळली याचे कोडे अभियंत्यांना पडावे. पण नकाशावर सही दुसऱ्याची असे. खाजगी कामे मोठी असली तर इंग्रज पेढ्यांकडे जात, लहान असली तर मेस्त्रीकडे. मेस्त्री हा शब्द आपल्या मिस्त्रीचाच सख्खा भाऊ, दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेले. आणि मद्रासेचा मेस्त्री हा गवंडी, मुकादम, हिशेबनीस आणि आराखडा काढणारा असा चारही भूमिका एकट्याने वठवणारा मनुष्य होता. इंग्रज साहेब आणि देशी मेस्त्री यांच्यामधली जी जागा रिकामी होती, तेथे चितळे जाऊन बसले.

मुंबईत ती जागा भरू लागली होती. जे. जे. कलाशाळेतून वास्तुविद्या शिकून बाहेर पडलेल्यांनी १९१७ साली आपली संघटना केली होती, तिचेच पुढे १९२९ मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाले. गजानन म्हात्र्यांसारखे तरुण ओव्हल मैदानाच्या आणि मरीन ड्राइव्हच्या परिसरात गोल सज्ज्यांची, जहाजाच्या कठड्यांची आठवण देणारी, समुद्रवारा आत घेणारी घरे उभारू लागले होते. १९२५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनातून जगभर पसरलेली आर्ट डेको नावाची शैली मुंबईने इतक्या हौसेने आत्मसात केली, की आज तो वारसा जगाच्या नकाशावर नोंदला गेला आहे. मद्रासेचे शील निराळे. ते शहर नव्या गोष्टीकडे चटकन धावत नाही. दारात आलेल्या पाहुण्यास आधी पाट, पाणी, मग विचारपूस, आणि पुष्कळ वेळाने होकार, अशी त्याची चाल. शिवाय बांधकामाची त्याची स्वतःची एक परिपक्व रीत होती, आणि ती सोडण्याचे त्यास काही कारणही दिसत नव्हते.

ती रीत येथे थोडी विस्ताराने सांगतो, कारण चितळ्यांनी काय बदलले हे त्याखेरीज समजणार नाही. मद्रासेची गच्ची हा एक स्वतंत्र प्रकारच आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत सागवानी तुळया जवळजवळ टाकायच्या. त्यांच्यावर पातळ, लहान विटा उभ्या कडेवर, तिरप्या ओळींत, चुन्यात बसवीत जायच्या. त्यावर विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा जाड थर पसरून तो बायांच्या ओळी बसवून लाकडी थापट्यांनी दिवसचे दिवस कुटायचा. आणि अखेर चपट्या कौलांचे थर देऊन उतार साधायचा. भिंतींना समुद्रातल्या शिंपल्यांचा चुना, त्यात गुळाचे पाणी, अंड्याचा पांढरा बलक. आणि तो गुळगुळीत दगडाने इतका घासायचा की संगमरवर वाटावा. मद्रासेच्या चुन्याची तकाकी पाहून परदेशी प्रवासी चकित होत. या घरांत उन्हाळा सुसह्य होई. पण तुळईची लांबी ती खोलीची रुंदी, हा या रीतीचा अटळ कायदा होता. आणि भिंतीवरच सारा भार असल्यामुळे जितके मजले वर जाल तितकी खालची भिंत जाड होत जाई, खिडकी लहान होत जाई. शंभर कारकून एकत्र बसतील असे दालन, किंवा रस्त्याकडे अखंड उघडलेली दर्शनी बाजू, या गोष्टी त्या रीतीत बसत नव्हत्या.

त्यासाठी सिमेंट आणि सळई हवी. योगायोग असा, की या देशात सिमेंट तयार करण्याच्या अगदी आरंभीच्या प्रयत्नांपैकी एक मद्रासेतच, १९०४ साली, समुद्राच्या शिंपल्यांपासून झाला होता, आणि तो फसला. पुढे १९१४ मध्ये पोरबंदरच्या कारखान्याने यश मिळवले, १९३६ मध्ये अनेक कंपन्या एकत्र होऊन असोशिएटेड सिमेंट कंपनी झाली, आणि १९३९ मध्ये तिरुचिरापल्लीजवळ दालमियांचा कारखाना सुरू झाला. चितळ्यांच्या पेढीची पहिली दहा वर्षे आणि दक्षिणेत सिमेंट सुलभ होण्याची वर्षे ही एकच वर्षे आहेत. ज्या माणसांनी या नव्या द्रव्याला मद्रासेच्या जुन्या वस्तीत पहिल्याप्रथम सभ्य, देखणे आणि स्थानिक रूप दिले त्यांत चितळ्यांची गणना करावी लागेल.

हे काम त्यांच्या हाती दिले ते विमा कंपन्यांनी, आणि ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. स्वदेशीच्या चळवळीने देशात जे उद्योग जन्मास घातले त्यांत विमा हा एक प्रमुख. मुंबईची ओरिएंटल १८७४ ची, म्हणजे चळवळीहून जुनी. पण मद्रासेची युनायटेड इंडिया १९०६ ची, मच्छलीपट्टणची आंध्र विमा कंपनी १९२५ ची. या कंपन्यांचे एजंट सायकलवरून गावोगाव हिंडत, शिक्षकाच्या, पोस्टमास्तराच्या, लहान वकिलाच्या ओसरीवर बसत आणि त्यास सांगत, की तू आज दरमहा इतके रुपये भर, वीस वर्षांनी, किंवा तू नसशील तेव्हा तुझ्या कुटुंबास, आम्ही अमुक रक्कम देऊ. या वचनाला तारण काय? कागद आणि कंपनीचे नाव. म्हणून जी कंपनी वीस वर्षांनंतरचे वचन देते तिला वीस वर्षांनंतरही आपण येथेच असू असे डोळ्यांना दिसेल अशी इमारत लागते. मुंबईच्या न्यू इंडिया अॅश्युरन्सने १९३६ च्या सुमारास मास्टर, साठे आणि भूता यांच्याकडून इमारत बांधून घेतली आणि तिच्या दर्शनी भागावर शिल्पकार पानसऱ्यांकडून नांगरधारी, सूत कातणारी अशी कष्टकरी माणसे कोरवून घेतली, ती याच भावनेने. विमेदार तो शेतकरी, तो कारागीर, तोच त्या भिंतीवर.

ओरिएंटलच्या मद्रासेतल्या इमारतीत चितळ्यांपुढे असाच पेच होता. इंग्रजी सत्तेचे घुमट आणि मिनार वापरावेत तर कंपनी सरकारी दिसणार. पॅरिसची नवी शैली जशीच्या तशी उचलावी तर ती अर्मेनियन स्ट्रीटवर परकी दिसणार, आणि ओसरीवर बसून विमा घेतलेल्या तंजावरच्या मास्तरांस तिच्यात आपले असे काही आढळणार नाही. चितळ्यांनी देह नवा घेतला: काँक्रीटची चौकट, सपाट गिलावा, आडव्या-उभ्या रेषांचे स्पष्ट व्याकरण, आणि जमिनीचा प्रत्येक वार मोलाचा असलेल्या जॉर्ज टाउनच्या या जुन्या वस्तीत वरवर चढत जाणारे मजले. त्या देहावर त्यांनी छत्री, जाळी, सज्जा ही आपल्या परंपरेतली अंगे बसवली. ही नुसती वेशभूषा नव्हे. मद्रासेच्या उन्हात जाळी म्हणजे वारा आत आणि ताप बाहेर. सज्जा म्हणजे ईशान्य मोसमी पावसात खिडकी उघडी ठेवण्याची सोय. आणि छत्री ही रस्त्याच्या टोकावरून येणाऱ्यास इमारत ओळखू यावी म्हणून. या मिश्रणास अभ्यासक आज इंडो-डेको म्हणतात. त्या शैलीच्या मद्रासेतल्या उत्तम नमुन्यांत या इमारतीचे नाव प्रथम येते, आणि मी तिच्यापुढे अर्धा तास उभा राहिल्यानंतर मला त्यात अतिशयोक्ती वाटली नाही. ज्याने या कामात नवे आणि जुने एकमेकांस इतक्या सौजन्याने भेटवले, तो मनुष्य स्वभावानेही विवेकी असला पाहिजे.

मद्रासेपासून दीडशे किलोमीटरवर, फ्रेंचांच्या पाँडिचेरीत, याच दशकात अरविंदाश्रमाचे गोलकोंड वसतिगृह उभे राहत होते. अँटोनिन रेमंड, सॅमर, नाकाशिमा यांच्या त्या इमारतीत एकही अलंकार नाही. फिरत्या काँक्रीटच्या पट्ट्यांची एक निःशब्द भिंत आहे, आणि देशातल्या आधुनिक वास्तुकलेचा आरंभ म्हणून तिचा गौरव होतो तो सर्वथा न्याय्य आहे. पण तिथे साधकांचा आश्रम होता, श्रमांची गणती नव्हती, मुदतीचा जाच नव्हता. अर्मेनियन स्ट्रीटला भाडे होते, मक्ता होता, संचालक मंडळाची मंजुरी होती. ज्या आधुनिकतेला जमाखर्चाच्या वहीतून वाट काढावी लागली तिची कथा थोडी कमी झळाळती असते, म्हणूनच ती सांगितली पाहिजे.

आता दुसऱ्या इमारतीकडे येतो, जिच्यासाठी हा लेख लिहावयास घेतला.

चेन्नईच्या अण्णा सालैवर, जुन्या माउंट रोडवर, आयुर्विमा महामंडळाची चौदा मजली इमारत आहे. तमिळ माणूस तिला कित्येक वर्षे नुसते ‘पदिनालु माडि’, म्हणजे चौदा मजले, असे म्हणत आला. १७७ फूट उंचीची ही इमारत १९५९ साली पुरी झाली तेव्हा ती साऱ्या देशातली सर्वांत उंच होती. तो मान मुंबईने १९६१ मध्ये हिरावून घेतला, तरी आपल्या गावातले तिचे प्रथम स्थान पस्तीसहून अधिक वर्षे टिकले. तोवर मद्रासेत आकाशाजवळची वस्तू म्हणजे उच्च न्यायालयाचा मनोरा, आणि त्याच्यावर १८९४ पासून जहाजांना वाट दाखवणारा दिवा लागत असे. न्यायालयाच्या मस्तकावरून दीप काढून घेऊन शहराने तो जणू विम्याच्या हाती दिला, असा विचार माझ्या मनात आला. आणि त्या पिढीची भविष्यावरची श्रद्धा ध्यानात घेता तो अगदीच अप्रस्तुत नसावा.

या इमारतीचा संकल्प एम. सीटी. एम. चिदंबरम चेट्टियार यांचा. चेट्टिनाडच्या सावकार घराण्यातला हा विलक्षण पुरुष १९०८ साली जन्मला; अठ्ठाविसाव्या वर्षी, १० फेब्रुवारी १९३७ रोजी, त्याने कारैकुडी, मद्रास आणि रंगून अशा तीन ठिकाणी एकाच दिवशी इंडियन ओव्हरसीज बँकेची दारे उघडली. युनायटेड इंडिया विमा कंपनी त्यांच्याच घराण्याच्या कारभाराखाली होती. तिच्यासाठी मद्रासेत गगनचुंबी म्हणता येईल अशी कचेरी बांधावी असे त्यांनी ठरविले. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाचा काचेचा उभा पट्टा नुकताच उभा राहिला होता आणि जगभरच्या महत्त्वाकांक्षी माणसांच्या नजरेत भरला होता. लंडनचे एच. जे. ब्राउन आणि एल. सी. मूलिन हे वास्तुविशारद नेमले गेले. मुरुगप्पा घराण्याच्या कोरोमंडल इंजिनियरिंग कंपनीस मक्ता दिला गेला. १९५३ मध्ये काम सुरू झाले.

मग जे घडले ते एखाद्या कादंबरीकाराने रचले असते तर आपण ते अतिरंजित म्हटले असते. १३ मार्च १९५४ रोजी चिदंबरम चेट्टियारांचे विमान सिंगापूरच्या कलांग विमानतळावर उतरताना कोसळले आणि वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. संकल्प करणारा हरपला. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आकाशवाणीवरून देशास सांगितले, की आयुर्विम्याचा व्यवसाय सरकारने ताब्यात घेतला आहे. १ सप्टेंबरला अडीचशेच्या आसपास कंपन्या आणि संस्था मिळून एकच महामंडळ झाले. मालक बदलला. ज्या देशमुखांनी हा निर्णय जाहीर केला त्यांनी मधल्या जुलैत मुंबईच्या प्रश्नावर मंत्रिपदाचा त्याग केला, हे मराठी वाचकास सांगावयास नको. त्यांच्या जागी मद्रासचेच टी. टी. कृष्णम्माचारी आले. १९५७ च्या अखेरीस फिरोझ गांधींनी लोकसभेत मुंदडा प्रकरण काढले. महामंडळाच्या पैशाचा गैरविनियोग झाला, न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली आणि १९५८ च्या फेब्रुवारीत कृष्णम्माचारींना पायउतार व्हावे लागले. आणि या धामधुमीच्या मध्यावर, १९५७ साली, ब्राउन आणि मूलिन काम सोडून गेले.

माउंट रोडवर अर्धवट उभा राहिलेला काँक्रीटचा सांगाडा, त्याचा संकल्पक मृत, त्याचे मूळ मालक इतिहासजमा, नव्या मालकाचे नाव वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत गैरव्यवहाराशी जोडलेले, आणि आखणारे विलायतेत. अशा वेळी ते काम पुढे चालवण्यासाठी लक्ष्मण महादेव चितळे यांना पाचारण झाले.

अर्धवट राहिलेली दुसऱ्याची इमारत पुरी करणे म्हणजे काय, याची कल्पना ज्याने साधे घर बांधून घेतले आहे त्यालाही येईल. नकाशा आपला नसतो. खांब उभे राहिलेले असतात, त्यांच्या पोटात सळया पुरल्या गेलेल्या असतात, आणि त्या किती जाडीच्या, कोठे वळवलेल्या, हे कागदांवरून समजून घ्यावे लागते. पाण्याचे नळ, विजेचे मार्ग, उद्वाहनाचे कूप यांच्यासाठी सोडलेली भोके दुसऱ्याच्या हिशेबाने सोडलेली असतात. मक्तेदाराची माणसे पहिल्या साहेबाच्या हाताखाली तयार झालेली असतात आणि प्रत्येक नव्या सूचनेस ‘पूर्वी असे नव्हते’ हे उत्तर देण्यास सज्ज असतात. त्यात खाजगी कंपनीचा संचालक जाऊन सरकारी महामंडळाचा अधिकारी आला, म्हणजे ज्या गोष्टी तोंडी ठरत त्यांना आता टिपण, मंजुरी, लेखापरीक्षण. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे मोह: आपली एखादी छत्री, एखादी जाळी, आपल्या हाताची एखादी खूण या परक्या देहावर उमटवावी असे ज्या माणसास वाटणार नाही तो वास्तुविशारद कसला? चितळ्यांपाशी तर ओरिएंटलपासूनचा स्वतःचा एक सुंदर शब्दसंग्रह होता. आज ती इमारत पाहताना मला तिच्यात कोठेही छत्री दिसत नाही. जी शिस्त ब्राउन आणि मूलिन यांनी घालून दिली ती तळापासून माथ्यापर्यंत अभंग आहे. विशीतला कलावंत दुसऱ्याचे चित्र पुरे करावयास नाखूष असतो. मुरलेला कलावंत ते असे पुरे करतो, की सांधा दिसू नये.

मद्रासेत या गोष्टीची एक परंपराच आहे. उच्च न्यायालयाचा आराखडा जे. डब्ल्यू. ब्रासिंग्टन यांनी सुरू केला आणि १८९२ मध्ये तो पुरा केला हेन्री आयर्विन यांनी. मद्रासेचे चिझम बडोद्यास गेले ते तेथला लक्ष्मीविलास राजवाडा पुरा करावयास. मूळ आखणारे मेजर चार्ल्स मँट १८८१ साली अकाली वारले होते. हेच मँट कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचेही कर्ते. म्हणजे ज्या काळी एका मराठी संस्थानाचे अर्धे राहिलेले काम मद्रासेच्या माणसाने तडीस नेले, त्यानंतर पाऊण शतकाने मद्रासेचे अर्धे राहिलेले काम एका मराठी माणसाने तडीस नेले. हे ऋण कोणी ठरवून फेडलेले नव्हते; तरी त्याची नोंद कोठेतरी असावी म्हणून येथे करून ठेवतो.

२३ ऑगस्ट १९५९ रोजी नवे अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या हस्ते इमारतीचे उद्घाटन झाले. खर्च सुमारे ८७ लाख रुपये आला होता. चुना आणि विटांच्या शहराने काँक्रीटच्या खांबांवर उभे राहावयास शिकण्याचा तो दिवस मानला जातो. पुढे तमिळ चित्रपटांनी तिला जे स्थान दिले ते कोणत्याही समारंभाहून मोठे: खेड्यातून पळून आलेला नायक मद्रासेत पोचला हे दाखवायचे झाले, की पडद्यावर आधी सेंट्रल स्टेशनचे घड्याळ आणि मग हे चौदा मजले. तिसरे काही दाखवण्याची गरज दिग्दर्शकास वाटत नसे.

१९७५ च्या ११ जुलैला तिला भीषण आग लागली. एवढ्या उंचीवरच्या ज्वालांशी झुंजण्याची सामग्री शहराच्या अग्निशामक दलाकडे नव्हती, आणि माउंट रोडवर जमलेल्या हजारो लोकांना आपल्या गावाची खूण जळताना पाहावी लागली. इमारत पडली नाही. तिची डागडुजी होऊन कचेऱ्या पुन्हा तेथे भरू लागल्या, आणि त्या दिवसानंतर देशात उंच इमारतींच्या अग्निसुरक्षेकडे अधिक गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

याच रस्त्यावर महामंडळाच्याच मालकीची आणखी एक इमारत आहे, भारत विमा कंपनीची. जे. एच. स्टीफन्स यांनी १८९७ साली कार्डिल बिल्डिंग या नावाने औषधविक्रेत्या डब्ल्यू. ई. स्मिथ कंपनीसाठी ती आखली. राष्ट्रीयीकरणाबरोबर ती महामंडळाकडे आली. २००६ मध्ये ती पाडावयास प्रारंभ झाला, तेव्हा वारसाप्रेमी मंडळी न्यायालयात गेली आणि न्यायालयाने ते थांबविले. विटांचा तो तांबडा डोलारा अजून आहे, पण ज्या अवस्थेत आहे ती पाहवत नाही. जुन्या इमारतीस कायद्याचे कवच मिळते ते ती घुमटांची आणि मनोऱ्यांची आहे म्हणून. सिमेंटच्या सरळ रेषांना ते सहजासहजी मिळत नाही. शहरातली कितीतरी आर्ट डेको हॉटेले आणि चित्रपटगृहे माझ्या पिढीच्या डोळ्यांदेखत गेली. ओशनिक गेले, दासप्रकाश गेले, आणि त्यांची आठवण काढणारी माणसेही मोजकीच उरली. अर्मेनियन स्ट्रीटवरच्या छत्रीखाली उभा असताना माझ्या मनात हीच धास्ती होती. तिच्या कर्त्याचे नाव ज्यांना ठाऊक आहे असे चार जण त्या रस्त्यावर मिळणार नाहीत, आणि ज्याचा कर्ता अज्ञात आहे त्याच्या बाजूने उभे राहावयास मनुष्य कचरतो.

चितळ्यांची पेढी मात्र टिकली. तिच्या नावात ‘अँड सन’ जोडले गेले, पुत्र एस. एल. चितळे यांनी ती पुढे चालवली, आणि १९३२ ची ती पाटी आजही चेन्नईत आहे. लक्ष्मण चितळ्यांच्या नंतरच्या पिढीत आचऱ्याचे अच्युत कानविंदे हार्वर्डला ग्रोपियसकडे शिकून आले आणि कानपूर, दिल्ली, अहमदाबाद येथे आधुनिक वास्तुकलेचे अध्वर्यू ठरले; त्यांचे नाव आज पाठ्यपुस्तकांत आहे, आणि असावयासच हवे. चितळ्यांचे काम अशा जाहीरनाम्याच्या वाटेने गेले नाही. छत्री लावायची तेथे लावली, लावायची नव्हती तेथे लावली नाही, आणि दोन्ही ठिकाणी शहराला दिलेले वचन पाळले.

संध्याकाळी मी पॅरीज कॉर्नरहून माउंट रोडकडे जाणारी बस धरली. उच्च न्यायालयाचा मनोरा मागे पडला, किल्ला डावीकडे गेला, कूम नदीचा वास आला आणि गेला. कार्यालये सुटलेली होती, उभे राहावयासही जागा नव्हती. शेजारच्या वृद्ध गृहस्थांना मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारले, की मला त्या चौदा मजल्यांपाशी उतरायचे आहे. त्यांनी मान डोलावली, आणि इतक्यात वाहकाने दाराच्या दांडीवर हात आपटून थांब्याचे नाव पुकारले. तीनच इंग्रजी अक्षरे, तमिळ उच्चाराने एका दमात म्हटलेली: ‘एल्लैसी!’ निम्मी बस उतरली. मीही उतरलो, रस्ता ओलांडून थोडा मागे सरलो, आणि पहिल्या मजल्यापासून मोजावयास सुरुवात केली.